एक मिनिट चाळीस सेकंद

बाबा, परवा तुमचा आवाज ऐकला.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. आई मोजते, आणि दरवर्षी मला विचारून खात्री करून घेते, जणू माझ्याकडे सरकारी नोंद आहे. रेडिओ केंद्रातल्या जुन्या टेपा आता संगणकावर चढवायचं काम चाललंय. मी तिथलं काम सोडूनही बराच काळ झाला, पण हा आवाज कोणाचा, ही टेप कशाची, असं विचारायला जुन्या माणसांना बोलावतात, तसं मलाही बोलावलं. टेबलावर पाच-सहा डबे मांडले होते. एकावर माझं अक्षर होतं, ‘कामगारांच्या आठवणी, भाग चौथा’. आपल्या मूळ टेपेवर कधीच दुसरं काहीतरी रेकॉर्ड झालं असणार, कारण टेपांची कायम चणचण, आणि एकदा वाजवली की पुसून परत वापरायची ही आमच्याकडची रीत. ही होती सांगलीच्या केंद्राला पाठवलेली प्रत. तिथल्या कोणीतरी ती वेळेवर परत पाठवली नाही, म्हणून वाचली. त्या आळशी माणसाचे पाय धरावेत असं वाटलं मला. टेप लावणारी मुलगी कानाला हेडफोन लावून हसली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, हे काका कसले गोड बोलतायत!’’ मी म्हटलं, ‘‘माझे वडील.’’ मग तिने हेडफोन काढून माझ्याकडे दिले आणि स्वतः चहा आणायला निघून गेली. समजूतदार मुलगी आहे.

अठ्ठावीस मिनिटं ऐकलं मी तुम्हाला. सतराव्या मिनिटाच्या आसपास टेप कापून चिकटवल्याचा एक जोड आहे. दुसऱ्या कोणाला तो ऐकू येणार नाही, मी जोड फार सफाईने मारायचे. त्या जागी एक मिनिट चाळीस सेकंद होते आणि त्यात एका माणसाचं नाव होतं. ते नाव रेडिओवर घेतल्याशिवाय राहायचं नाही, असं तुम्ही मनाशी ठरवून आला होतात. ते नाव टेपेवर नाही. का नाही, हे मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. ते आज पुन्हा सांगायचंय, आणि या वेळी खरं.

कुळगावच्या आपल्या दोन खोल्यांत रेडिओ स्वयंपाकघरात असायचा, कारण बाहेरच्या खोलीत तो नुसता खरखरायचा. पिठाच्या डब्यावर त्याची जागा ठरलेली. आई पीठ काढायला रेडिओ उचलायची आणि नेमक्या बातम्या बिघडायच्या. मग तुम्ही तोंडाला साबण तसाच ठेवून ओरडायचात, ‘‘अगं, देशाचं काय चाललंय ते ऐकू दे, भाकरी दोन मिनिटांनी थाप!’’ आई म्हणायची, ‘‘देश नाही उपाशी जात कामाला, तुम्ही जाता.’’ बातम्या झाल्या की माझी पाळी. विहारात पेपर यायचा, तो तुम्ही संध्याकाळी घरी आणायचात आणि मी तो तुम्हाला रेडिओवरच्या बाईसारखा वाचून दाखवायचे. एकदा मी निधनाच्या बातम्या भराभर उरकत होते. खेळायला जायचं होतं. नाव अर्धं घेतलं, आडनाव गिळलं, पुढच्या माणसावर गेले. तुम्ही माझ्या हातातून पेपर काढून घेतलात. मारलं नाहीत, मारायचा तुमचा स्वभाव नव्हता, पण आवाज असा लागला की आईने स्टोव्ह बारीक केला. ‘‘माणूस मेलाय. त्याचं नाव तरी पुरं घे. बापासकट घे.’’ मग म्हणालात, ‘‘आमच्या गावात आम्हाला कोणी पुऱ्या नावाने हाक मारली नाही. तोडूनच मारायचे. माझ्या बापाचं पुरं नाव मला शाळेच्या दाखल्यावर कळलं.’’ मी त्या दिवशी सगळी बातमी परत वाचली, सात माणसांची, बापांसकट. खेळायचं राहिलं. पुढे रेडिओवर लोकांनी माझ्या उच्चारांचं कौतुक केलं, तेव्हा मला तो बारीक केलेला स्टोव्ह आठवायचा.

तुम्ही अंबरनाथच्या एका लहानशा फौंड्रीत होतात. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, पंपांचे भाग करायचे. तुमचा जोडीदार सांगलीकडचा, तरुणपणी कुस्ती खेळलेला, म्हणून सगळे त्यांना पैलवान म्हणत आणि मी पैलवानकाका. गावाकडच्या रीतीने तुम्ही दोघं एका पंगतीला बसला नसतात. अंबरनाथला तुम्ही एका डब्यात जेवत होता, आणि आईच्या हातचं सुकट त्यांच्या वाट्याला जास्त जायचं, अशी तुमची तक्रार होती. रविवारी ते आणि काकी उल्हासनगरहून आपल्याकडे यायचे. त्यांना मूल नव्हतं. माझ्यासाठी उल्हासनगरच्या बाजारातून रिबिनी आणायचे, कधी लाल, कधी भडक पोपटी, मला न आवडणाऱ्या, आणि मी त्या बांधून त्यांना दाखवेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत.

मग आठवीत माझी ती वक्तृत्व स्पर्धा. तुमची दुसरी पाळी होती तरी तुम्ही आलात. सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभे. बसायला जागा होती, पण तुम्ही उभेच. दुसरा नंबर आला. येताना तुम्ही मला शाईचं पेन घेऊन दिलंत, निळं, सोनेरी टोपणाचं, आणि दुकानदाराने न विचारताच त्याला सांगितलंत की पोरगी भाषणात दुसरी आली आहे. घरी पोचून मी पेनात शाई भरत होते, तेव्हा फौंड्रीतला कोणीतरी सायकलवरून आला. तुम्ही त्याच्याबरोबर गेलात ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. आईने पाणी तापवलं. तुम्ही खूप वेळ आंघोळ करत होता. बाहेर येऊन म्हणालात, ‘‘पैलवान गेला.’’ एवढंच. मी रडले, रिबिनींसाठीसुद्धा रडले, आणि पुढच्या आठवड्यात परत शाळेत गेले. यापलीकडे मला काही माहीत नव्हतं, बाबा. पंधरा-सोळा वर्षं माहीत नव्हतं.

काकी उल्हासनगरलाच राहिल्या. जीन्सच्या कारखान्यांतून पॅंटचे गठ्ठे घरी यायचे, त्यांचे शिल्लक राहिलेले धागे कापून द्यायचं काम त्यांनी धरलं. तुम्ही दर महिन्याला जाऊन यायचात. काकींनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. ते असताना नाही, नसतानाही नाही. रेशनच्या रांगेत कारकुनाने विचारलं तरी तोंडावर पदर. शेजारची सिंधी बाई पुढे होऊन त्यांच्यासाठी नाव सांगायची. आई त्यावरून त्यांना हसायची, आणि काकी म्हणायच्या, ‘‘हसा तुमी. माझ्यानं न्हाई हुयाचं.’’

मी रेडिओवर लागले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. लागले म्हणजे काय, कंत्राटी. महिन्याला सहा ड्युट्या. पुढच्या महिन्यात बोलावतील की नाही ते साहेबांच्या मर्जीवर. तुम्ही मात्र सगळ्या कुळगावाला सांगितलं होतं की पोरगी सरकारी रेडिओत आहे. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. केंद्रात संगणक आले होते, पण अजून झाकून ठेवलेले, आणि आम्ही टेपा ब्लेडने कापत होतो. कामगारांवर तेरा भागांची मालिका करायचं ठरलं. आपल्या केंद्राने करायची, आणि आपल्याकडे वाजल्यावर तिच्या प्रती राज्यातल्या इतर केंद्रांना पाठवायच्या. तेव्हा साहेब मला म्हणाले, ‘‘तुझे वडील फौंड्रीत होते ना? त्यांनाच आण की.’’ साहेब खरंच सरळ माणूस होता, हे मी आधीच सांगून ठेवते.

तुम्ही आलात तो दिवस मला काल झाल्यासारखा दिसतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला माझं ते निळं पेन. तुम्ही ते कधी माझ्याकडून घेतलंत ते मला माहीतच नव्हतं. स्टुडिओत चपला घालून जायचं की काढून, म्हणून दारात अडलेले. साहेब आत तुमच्यासमोर बसतात, मी काचेच्या अलीकडे यंत्रावर. तुम्ही बोलायला लागता आणि पाचच मिनिटांत साहेब प्रश्न विचारायचं विसरतात. भट्टीची धग, साच्याची माती चाळायची पद्धत, कँटीनचा चहा, ज्याला तुम्ही ‘बॉयलरचं पाणी’ म्हणता. मग माझ्या स्पर्धेवर येता. ‘‘पाच मिनिटांचं भाषण, पण घरात महिनाभर पाठ चाललं होतं. आम्हा सगळ्यांना पाठ झालं, मांजरालासुद्धा. आणि काय बोलली, साहेब! तिला माईकची गरजच नव्हती.’’ साहेब हसतात, काचेतून माझ्याकडे बघतात. मी लाजते.

आणि तुम्ही थांबत नाही. ‘‘आता त्या वेळी माझ्या जागेवर कोण होता, तर माझा जोडीदार. मीच त्याला म्हटलं होतं, आज उभा राहशील का? तो म्हणाला, जा रे, पोरगी काय रोज रोज भाषण करणार आहे? मी गेलो. इकडे वितळलेल्या लोखंडाच्या पात्राची साखळी तुटली. जिथे मी असायचो तिथेच.’’ मग तुम्ही पेपर वाचल्यासारखं, सावकाश, त्यांचं नाव घेता. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. गाव, तालुका. ‘‘वय वर्षं छत्तीस. पेपरात आलं होतं, ‘एक कामगार ठार’. कारखान्यात कुठे पाटी नाही. म्हणून म्हटलं, इथे सांगतो. रेडिओवर सांगितलं म्हणजे सांगितलं.’’ पुढे टेप नुसती फिरते. तुम्ही काचेकडे बघत नाही, मीही तुमच्याकडे बघत नाही, मी यंत्रावरच्या आवाजाच्या सुईकडे बघते. ‘‘एवढंच सांगायचं होतं,’’ तुम्ही म्हणता.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही? तुम्ही म्हणालात, ‘‘तुला काय सांगायचं? त्यात तुझं काय? माईकला सांगायला सोपं गेलं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘नाव स्पष्ट आलं ना गं? वहिनींना शब्द दिलाय. त्या स्वतः घेत नाहीत, निदान ऐकतील तरी. त्याच्या भावालाही गावी पत्र टाकतो, सांगलीवर कधी लागेल ते तू सांग.’’ मी म्हटलं, ‘‘आलं, बाबा. अगदी स्पष्ट आलं.’’

दोन दिवसांनी मी कापायला बसले. कार्यक्रम साडेएकोणतीस मिनिटं झाला होता, अठ्ठावीसमध्ये बसवायचा होता. साहेब म्हणाले, ‘‘वडील तुझे आहेत, काय काढायचं ते तूच बघ.’’ माती चाळण्याचं लांबलं होतं. चहाचं दोनदा आलं होतं. साहेबांचाच एक प्रश्न मिनिटभराचा होता. काढायला हवं तेवढं होतं, बाबा, कोणाच्या जिवाला न लागणारं. मी ते काही काढलं नाही. मी ‘माईकची गरजच नव्हती’ आणि साहेबांचं हसणं ठेवलं, आणि त्यानंतर ब्लेड लावलं.

का, ते सांगते. मी तेव्हा स्वतःला वेगवेगळं सांगत होते. शेवटची शांतता फार लांब आहे, अपघाताचं ऐकायला लोकांना आवडत नाही, फौंड्रीवाले काही म्हणतील. सगळ्या थापा. खरं एवढंच की मला ते नको होतं. मी पाठ केलेलं भाषण म्हणत असताना, तुम्ही खांबाला टेकून ऐकत असताना, पैलवानकाका तुमच्या जागी भट्टीपाशी उभे होते, हे माझ्या आयुष्यात मला नको होतं. आणि माझं कौतुक हवं होतं. ते राज्यभर वाजायला हवं होतं. दोन्ही एकाच श्वासात तुम्ही बोललात आणि मी तो श्वास मधून कापला. कार्यक्रम सही करायला नेला तेव्हा साहेबांनी विचारलं, ‘‘पैलवानाचा भाग काढलास?’’ मी म्हटलं, ‘‘बाबाच म्हणाले, नको. मागाहून त्यांना अवघडल्यासारखं झालं.’’ साहेब म्हणाले, ‘‘त्यांची इच्छा. मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटला होता,’’ आणि सही केली.

कापलेला तुकडा लगेच फेकायचा नाही, असा आमचा नियम होता. चिठ्ठी लावून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवायचा, कार्यक्रम वाजून त्याच्या प्रती निघेपर्यंत, न जाणो परत लावायची वेळ आली तर. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘बाबा, १ मि. ४० से.’ आणि चिकटवला. दार उघडलं-मिटलं की ती तपकिरी फीत हलायची.

रविवारी सकाळी आपल्या घरात सण होता. उल्हासनगरच्या सिंधी मेकॅनिककडून तुम्ही रेडिओ आतून साफ करून आणला होता. तो म्हणाला होता, ‘‘साईं, अब ये आप से ज्यादा चलेगा,’’ आणि तुम्ही ते सगळ्यांना हसत सांगत होता. काकी धुतलेलं नवं लुगडं नेसून आल्या, हाताशी नेहमीची धागे कापायची कात्री नाही म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. तुम्ही त्यांना पिठाच्या डब्याजवळ, रेडिओच्या अगदी समोर पाट दिलात. ‘‘वहिनी, इथे बसा. नीट ऐकू येईल.’’ मी उंबऱ्यात बसले. मला तिथून उठून जाता आलं असतं.

स्पर्धेचं आलं तशा काकींनी डोक्यावरून पदर घेतला, नीट, कोणी मोठं माणूस घरात येणार असल्यासारखा. ‘तिला माईकची गरजच नव्हती.’ साहेबांचं हसणं. आणि लगेच, ‘कँटीनचा चहा म्हणजे...’ तुम्ही हात वर केलात, म्हणजे सगळ्यांनी गप्प राहावं. सगळे गप्पच होते. शेवटपर्यंत तुमचा हात तसाच राहिला, मांडीवर टेकलेला, बोटं उघडी. निवेदन झालं, गाणं लागलं. काकींनी हळूच विचारलं, ‘‘सपलं?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘हो, वहिनी.’’ त्या म्हणाल्या, ‘‘चांगलं बोललासा भाऊजी.’’ त्यांनी पदर मात्र बराच वेळ उतरवला नाही. आईने चहा टाकला.

काकींना गाडीत बसवून देऊन तुम्ही परत आलात आणि मला बाजूला घेऊन विचारलंत, ‘‘साहेबांनी कापलं का गं?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘भला माणूस वाटला होता.’’ मग, ‘‘सांगलीला पाठवताना लावता येईल का परत?’’ मी म्हटलं, ‘‘सही झाली की टेप उघडता येत नाही, बाबा.’’ उघडता येत होती. तुकडा कपाटाला होता. फक्त साहेबांपुढे जाऊन, मी खोटं बोलले होते, एवढं म्हणावं लागलं असतं, आणि माझ्या महिन्याला सहा ड्युट्या होत्या.

गुरुवारी मी माझ्या हाताने प्रती काढल्या. सांगली, रत्नागिरी, नागपूर, सगळ्या ठिकाणी जाणाऱ्या डब्यांवर माझ्या चांगल्या अक्षरात नावं घातली. प्रती निघाल्या की तुकडे टाकून द्यायचे, तेही काम माझंच. टाकला. घरी आले तर तुम्ही भाजी निवडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, ‘‘मी परवा चुकीचं बोललो. साहेब भला माणूस आहे. त्याच्या मागे काही अडचणी असतील.’’ मला वाटलं, तुम्ही स्वतःची समजूत घालताय. मला बरंही वाटलं, की विषय मिटला.

महिन्याभराने सांगलीकडून काकांच्या भावाचं कार्ड आलं. घरातले सगळे आणि शेजारचे चार जण बसून कार्यक्रम ऐकला, आवाज स्वच्छ होता, आपली तब्येत सांभाळावी. बाकी काही नाही. तुम्ही ते कार्ड रेडिओच्या मागे खोचून ठेवलंत. दोन वर्षांनी तुमच्या छातीने दगा दिला, भट्टीची धूळ होती ती. सोनिवलीला आपण बांधत असलेल्या नव्या घराच्या भिंती तेव्हा ओल्या होत्या, तुम्ही तिथे एक रात्रही राहिला नाहीत. सामान हलवताना ते कार्ड माझ्या हातात आलं. आजही आहे. आईला वाटतं मी ते तुमची आठवण म्हणून ठेवलंय.

तर परवा टेप ऐकली आणि काल मी उल्हासनगरला काकींकडे गेले. किती वर्षांनी, ते विचारू नका. गल्ली तीच, दारोदार जीन्सचे गठ्ठे, निळा कोंडा सगळीकडे. काकी आता फार थकल्यात, कमी ऐकू येतं. मी पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं, मोठ्याने, कारण हळू सांगितलेलं त्यांना कळत नाही. शेजारची पोरं दारात येऊन बघायला लागली. साहेबांनी नाही कापलं काकी, मी कापलं. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ते ठावं हाय मला. भाऊजींनी तवाच सांगितलं हुतं.’’

मला समजेना. ‘‘बाबांना कुठे माहीत होतं?’’

‘‘मंगळवारी तुमच्या हापिसात गेले हुते की. साहेबाला इनंती करायला, की तेवढं नाव लावा म्हनून. साहेब म्हनला, अहो तुमीच काढा म्हनलात ना? तुमची पोरगी तसं बोलली. भाऊजी म्हनले, हां हां, मीच म्हनलो हुतो, इसरलो. आनि उठले. तिथनं थेट हिकडं आले. दारातच उभे, आत येईनात. म्हनले, वहिनी, पोरीची नोकरी जाईल. तुमाला दिलेला शब्द मोडला मी, माफी करा.’’

‘‘आणि तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘मी काय म्हननार? पोर आपलीच हाय, म्हनलं. आमचे हेसुदीक त्या दिवशी तुज्या भाषनासाठीच उभे ऱ्हायले हुते न्हवं का. जाऊ दे, छोड आता. चाय पिनार?’’

मी तिथे रडले, बाबा. त्या पोरांसमोर. गुरुवारी भाजी निवडताना तुम्ही मान वर केली नाहीत, ते आता कळलं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला साहेब भला माणूस आहे एवढंच सांगितलंत. दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर जेवलात, माझे कार्यक्रम ऐकलेत, माझ्या उच्चारांच्या चुका काढल्यात, आणि हे कधी तोंडावर येऊ दिलं नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. त्या सात माणसांच्या वेळी ओरडला होतात तसं.

मला काकांच्या वडिलांचं नाव आठवत नव्हतं. ब्लेड लावायच्या आधी चार-पाच वेळा तरी ऐकलं होतं मी ते, आणि आठवत नव्हतं. काकींना विचारून काय उपयोग? त्यांनी पत्र्याची पेटी उघडायला लावली. त्यात फौंड्रीचं कार्ड होतं, कडा झिजलेलं. मी ते त्यांच्या कानाशी वाचलं, तुम्ही शिकवलंत तसं, पुरं, बापासकट. काकींनी डोक्यावरून पदर घेतला. ‘‘परत वाच,’’ म्हणाल्या. मी परत वाचलं. मग त्यांनी चहा टाकला.

आज सकाळी केंद्रात गेले होते. तुमचा भाग पुन्हा वाजणार आहे, सगळ्या केंद्रांवरून, आणि त्याच्या आधी मी दोन वाक्यं बोलावीत असं त्यांचं म्हणणं होतं. मी बोलले. काकांचं नाव घेतलं, तिन्ही शब्द, गाव, तालुका, वय वर्षं छत्तीस. एका झटक्यात रेकॉर्ड झालं, कुठे अडखळले नाही. काकींना सांगून आले आहे. शेजारच्या सिंधी बाईची सून मोबाईलवर लावून देणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं हे मला माहीत नाही. त्या कार्डाबरोबर राहील. फक्त ते सकाळचं पहिलं वाक्य तुम्हाला सांगायचं राहिलं. नाव घेण्याआधी, ते टेपेवर का नाही, हे सांगणं भाग होतं. ती मुलगी काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘‘या कार्यक्रमाचा काही भाग तांत्रिक कारणांमुळे उपलब्ध नाही.’’